चिकणा, मुद्रा आणि कापूस : भेंडीच्या कुळाची ओळख



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की कामगार चळवळीतला माणूस बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलेल. आम्ही विषय कळविला, 'रानातली भेंडीच्या कुळातील झाडे कशी ओळखावीत'. दुसऱ्या दिवशी चिटणीसांचा निरोप आला, की लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना! चूक झालेली नव्हती. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नाही. नववीनंतर आमची शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण गिरणीचे फाटक, कामगार न्यायालयाचा व्हरांडा आणि सार्वजनिक वाचनालय या तीन ठिकाणी झाले. झाडांचा अभ्यास आम्ही हौसेने केला असे म्हटले तर ते खोटे होईल. तो आम्हांवर एका भांडणातून येऊन पडला. ते भांडण आधी सांगतो, म्हणजे आजच्या विषयाशी मजुरीचा काय संबंध आहे, ते आपोआप ध्यानात येईल.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी डोंगराकडच्या एका गावातील काही बायका आमच्या कचेरीत आल्या. शेतमजुरी नसेल त्या दिवसांत त्या रानातून औषधी मुळ्या खणून आणीत आणि बाजाराच्या गावी एका व्यापाऱ्याला विकीत. त्यात मुख्य माल बलेच्या मुळ्यांचा. बला म्हणजे आपल्याकडचा चिकणा. व्यापारी त्या वर्षी किलोमागे चार रुपये कापून घेऊ लागला. कारण विचारले तर म्हणे, "माल भेसळीचा आहे." बायकांचे म्हणणे, की हा बहाणा आहे. आम्हांला ते लगेच पटले. मालक कपात करतो तेव्हा तो बहाणाच करतो, हे आमचे तीस वर्षांचे शिक्षण!

आम्ही दहा-बारा जणींना घेऊन त्याच्या वखारीवर गेलो. जोरात बोललो. त्याने आमचे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि दोन वाळकी झुडपे आमच्यापुढे टाकली. म्हणाला, "साहेब, तुम्ही पुढारी आहात. यातली बला कोणती, एवढे सांगा. मी सगळी कपात परत करतो."

आम्ही ती झुडपे उलटीसुलटी करून पाहिली. दोन्ही सारखीच दिसत होती. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात पुढे करून एक उचलले आणि म्हणाल्या, "ही बगा, भाऊ. हिचं पान मकमलीवानी मऊ हाय. ती दुसरी तुपकडी, खराट्याची." व्यापारी हसला. बाईंचे उत्तर बरोबर होते. पण वाटाघाटीला पुढे बसलो होतो आम्ही, आणि आम्हांला उत्तर आले नव्हते. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. ज्या मालाच्या भावासाठी आपण भांडतो तो माल आपल्याला ओळखता येत नाही, याइतकी लाजिरवाणी गोष्ट कार्यकर्त्याला दुसरी नाही.

तेव्हापासून आम्ही पाहू लागलो. वडिलांच्या पेटीत गिरणीतले एक घडीचे भिंग होते. कापडाच्या एका इंचात ताण्याबाण्याचे धागे किती, ते मोजण्याचे. तेच घेऊन रानात हिंडू लागलो. वाचनालयात मराठी विश्वकोशाचे खंड होते, आणि जिल्ह्याच्या गावी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा इंग्रजी ग्रंथ होता. हा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. कुकसाहेब मुळात इंजिनियर. रेल्वेत नोकरी करून पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंजिनियर माणूस इलाख्यातील सगळी झाडे लिहून काढू शकतो, तर कामगाराला एका कुळाची ओळख का होऊ नये, असा आम्ही स्वतःला धीर दिला आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचावयास बसलो.

आता विषयाकडे वळू. ज्या कुळाला शास्त्रज्ञ माल्व्हेसी म्हणतात, त्याला मराठीत भेंडी कुल असे नाव आहे. रानात एखादे झाड दिसले, तर ते या कुळातले की नाही हे ठरवावयाचे कसे? आम्ही पाच खुणा सांगतो. एकेका खुणेवर विसंबू नका. पाचही जुळवून पाहा.

पहिली खूण पानाची. पाने देठावर एकाआड एक येतात, समोरासमोर जोडीने येत नाहीत. पानाच्या बुडापासून तीन, पाच किंवा सात ठळक शिरा पंजाच्या बोटांसारख्या पसरतात. देठाच्या तळाशी दोन बारीक पात्यांसारखी उपपर्णे असतात. ती कधी लवकर गळूनही जातात.

दुसरी खूण लवेची. भिंगाखाली पान धरा. लव साध्या केसासारखी सुटी नसून एका बिंदूतून चहूबाजूंस फुटलेली, चांदणीसारखी दिसते. ही चांदणीची लव या कुळात सर्रास आढळते.

तिसरी खूण सालीची आणि चिकाची. कोवळी डहाळी मोडावयास जा. ती काडकन तुटत नाही, साल दोरीसारखी लोंबते. पान चुरगाळले तर हाताला बुळबुळीत लागते. भेंडीची भाजी चिरताना जी तार सुटते तीच ही.

चौथी खूण फुलाची, आणि हीच सर्वांत खात्रीची. यासाठी रानात जाण्याचे कारण नाही. उद्या सकाळी देवाला वाहावयाची एकेरी जास्वंद हातात घ्या. पाच पाकळ्या, आणि कळीत त्या छत्रीच्या कापडासारख्या एकमेकींवर पीळ घालून गुंडाळलेल्या. मधोमध जी लांब दांडी दिसते ती एकटी नव्हे. पुष्कळसे पुंकेसर तळाशी एकमेकांना जोडले जाऊन त्यांची नळी झालेली असते आणि स्त्रीकेसराचा दांडा त्या नळीच्या पोटातून वर निघतो. रानातल्या चिकण्याचे फूल बोटाच्या नखाएवढे, पण भिंगाखाली रचना हीच. सराट्याचे फूलही पिवळे आणि पाच पाकळ्यांचे. पण त्याचे केसर सुटे असतात, म्हणून तो या कुळातला नाही. एरंडाचे पान पंज्यासारखे. पण फूल पाहताच तोही बाद होतो.

पाचवी खूण फळाची. इथे कुळाचे दोन तट पडतात. एका तटात फळ म्हणजे बोंड. ते भेंडीसारखे किंवा कापसासारखे उभे उकलते. दुसऱ्या तटात फळ म्हणजे चकती. ती वाळली की संत्र्याच्या फोडींसारखे तिचे तुकडे सुटतात आणि प्रत्येक फोडीत एक किंवा थोड्याच बिया असतात. जास्वंद, अंबाडी, भेंडी, कापूस हे पहिल्या तटातले. चिकणा, मुद्रा, वनभेंडी हे दुसऱ्या.

कूळ ठरले, की मग घर शोधावयाचे. त्यासाठी फूल उलटे करून खालून पाहा. हिरव्या पेल्याच्या खाली आणखी एक हिरव्या पात्यांचा फेर आहे काय? शास्त्रात त्याला अपिसंवर्त म्हणतात. आपण 'बाहेरचा फेर' म्हणू. आमच्या फसगतीचे मूळ या फेरात होते.

चिकण्याच्या जातींना हा बाहेरचा फेर नसतो. मुद्रेलाही नसतो. मुद्रा किंवा पेटारी ही रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीशी सगळीकडे असते. तीच वैद्यांची अतिबला. पान हृदयाच्या आकाराचे, राखट मऊ. नारिंगी-पिवळे फूल दुपार कलल्यावर उमलते. फळ पंधरा-वीस फोडींचे, चाकासारखे. शाईत बुडवून कागदावर दाबले तर सुंदर शिक्का उमटतो, आणि मुद्रा हे नाव त्याला किती शोभते ते कळते. आमच्या युनियनच्या पहिल्या पावतीपुस्तकाला रबरी शिक्का नव्हता. ही झुडपे तेव्हा कचेरीच्या मागेच उभी होती, हे आम्हांला फार उशिरा उमजले!

चिकण्यात तिघी बहिणींची गफलत होते. खरी बला, म्हणजे जिच्या मुळीला भाव, तिचे पान हृदयाकृती आणि मखमलीसारखे. फळाच्या फोडी दहाच्या आसपास, आणि प्रत्येक फोडीला दोन लांब कुसे, त्यांवर उलटी लव. दुसरी महाबला, तिचे पान शंकरपाळ्याच्या आकाराचे, बुडाकडे निमुळते, करवतीचे दाते वरच्या भागात, आणि फुलाचा देठ लांब. तिसरी तुपकडी, पान भाल्यासारखे अरुंद, जवळजवळ गुळगुळीत, आणि काड्या अशा चिवट की त्यांचे खराटे करतात. या तिघींत चौथी एक परकी मिसळते. ही अमेरिकेतून आलेली, शास्त्रीय नाव मॅल्व्हॅस्ट्रम. फूल पिवळे, झुडूप चिकण्यासारखेच. पण फूल उलटे करा, पेल्याखाली तीन अरुंद पात्यांचा बाहेरचा फेर दिसेल. एवढ्यावर ती पकडली जाते. उलट, नुसती वाळकी मुळी हातात दिली तर या चौघींत भेद करणे फार अवघड. ही गोष्ट लक्षात ठेवा. भांडणाचा निकाल पुढे तिच्यावरच लागला.

वनभेंडीचे फूल गुलाबी. तिच्या फळावर आकड्यांचे काटे असतात. पावसाळा संपता संपता रानातून आलात की धोतराला, लुगड्याला चिकटून ती स्वतःच आपली ओळख करून देते. तिला बाहेरचा फेर असतो, पाच पात्यांचा.

बोंडाच्या तटात अंबाडी आणि रानभेंडी यांचा घोटाळा होतो. दोघींची फुले मोठी, फिकट पिवळी, मध्ये जांभळा डोळा. इथे पेला पाहावा. अंबाडीचा पेला पाच टोकांचा असून तो फळाशी टिकून राहतो. रानभेंडीचा पेला एका बाजूने चिरतो आणि पाकळ्यांबरोबरच गळून पडतो. घरच्या भेंडीचेही तसेच. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर रानभेंडी फुलते तेव्हा लांबून लक्ष वेधून घेते. तिचा मान का ठेवावा, तेही सांगतो. शेतातल्या भेंडीवर पांढऱ्या माशीमुळे पसरणारा एक रोग येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि पीक हातचे जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठात 1980 नंतरच्या दशकात घरच्या भेंडीचा रानभेंडीशी संकर करून 'परभणी क्रांती' हा त्या रोगाला तोंड देणारा वाण काढण्यात आला. ज्या झुडपाला आपण तण म्हणून उपटतो, त्याने शेतकऱ्याच्या मळ्याला असा आधार दिला. अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण या कुळातल्या तणांवरही राहतो. म्हणून बांधावरची मुद्रा शेतकरी काढतो ते अडाणीपणाने नव्हे. आमचे म्हणणे एवढेच, की काढा किंवा ठेवा, पण ओळखून.

आता कापसाविषयी. आमचे वडील मुंबईत गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी जो संप सुरू झाला, त्यातल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी ते एक. पुढे कित्येक गिरण्यांचे भोंगे थंडच राहिले, आणि आम्ही गावी परतलो. वडील चिमटीत कापूस धरून ओढीत आणि धागा लांब निघेल की आखूड ते सांगत. एकदा एका लग्नासाठी खानदेशात गेलो होतो. एसटीच्या खिडकीतून शेताकडे बोट दाखवून त्यांनी शेजारच्या माणसाला विचारले, "दादा, एवढी भेंडी इकडे कोण खातं?" सगळी गाडी हसली. ते कपाशीचे शेत होते. वीस वर्षे ज्या कापसाचे कण त्यांनी छातीत भरून घेतले, त्याचे झाड त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. आम्हांलाही त्या वेळी हसू आले आणि थोडी लाज वाटली.

पुढे आम्ही कुळे शिकलो तेव्हा ध्यानात आले, की वडील चुकले नव्हते. तेच पंजाचे पान, तीच पिळाची कळी, तीच केसरांची नळी, तेच उकलणारे बोंड. बाहेरचा फेर तेवढा मोठ्या तीन पात्यांचा. फूल पहिल्या दिवशी पिवळे आणि मग गुलाबी होते. त्यांच्या डोळ्याने कूळ बरोबर ओळखले होते. हसणाऱ्यांना नाव ठाऊक होते, कूळ नव्हते. हे त्यांना सांगावयास आम्हांला उशीर झाला. ते तेव्हा हयात नव्हते.

या दिवसांत वाऱ्यावर काटेसावरीचा कापूस उडतो, तो आपण पाहतच आहात. मग सावरीच्या कापसावर गिरण्या का चालल्या नाहीत? कपाशीचा तंतू हा बीवरचा केस आहे. तो वाळताना चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो, म्हणून एक तंतू दुसऱ्याला धरून ठेवतो आणि सूत निघते. सावरीचा तंतू बोंडाच्या आतल्या भिंतीवर येतो. तो गुळगुळीत आणि ठिसूळ, कुणाला धरीतच नाही. म्हणून तो उशीत भरतात. अंबाडीचा धागा तिसऱ्या ठिकाणचा, सालीतला. तंतू सुटा असेल तर तो उशीत जातो. एकमेकांना धरील तर त्याचे सूत होते. आमच्यासारख्या माणसाने यावर आणखी भाष्य केले तर आपण म्हणाल, की शेवटी हे युनियनवरच आले. म्हणून इथेच थांबतो.

आणखी एक गंमत. पूर्वी शास्त्रज्ञ सावर, मुरुडशेंग आणि ताग-पाटाचा पाट, म्हणजे ज्यूट, यांना तीन निराळ्या कुळांत घालीत. 1998 नंतरच्या नव्या वर्गीकरणात आनुवंशिक पुरावा पाहून ही कुळे भेंडीच्या कुळात सामील करण्यात आली. म्हणजे मुंबईच्या गिरणीतला कापूस आणि कलकत्त्याच्या गिरणीतला ज्यूट हे एकाच घरचे निघाले. दोन्हीकडच्या कामगारांना हे कुणी वेळेवर सांगितले असते, तर बरे झाले असते! मात्र ज्या तागाची हिरवळीच्या खतासाठी आपल्याकडे पेरणी होते, तो शेंगांच्या कुळातला. नावावरून फसू नका.

आता त्या भांडणाचा शेवट. पुढच्या हंगामात आम्ही व्यापाऱ्याला निरोप दिला, की माल चावडीच्या ओट्यावर उघडू. तुमचा माणूस पाठवा. या खेपेस बायकांनी मुळ्या शेंड्यासकट, पानफळांसकट आणल्या होत्या. चाळीस जुड्या होत्या. म्हाताऱ्या बाई आणि आम्ही भिंग घेऊन बसलो. एकोणतीस जुड्या खऱ्या बलेच्या निघाल्या. अकरांमध्ये तुपकडी आणि ती परकी मॅल्व्हॅस्ट्रम होती.

मंडळी, तो क्षण आम्हांला कठीण गेला. व्यापाऱ्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अकरा जुड्या बाजूला काढून ठेवल्या तेव्हा एक तरुण बाई तडकून म्हणाली, "भाऊ, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" तिचे चुकत नव्हते, दिवसभर कातळात खणलेला माल होता तो. आम्हांला उत्तर सुचेना. म्हाताऱ्या बाईच म्हणाल्या, "अगं, अकरा लपवल्या तर त्यो चाळिसांचं पैसं कापतोय. अकरा दावल्या तर एकोणतीस तरी आपल्या." एवढे साधे अर्थशास्त्र आम्हांला कुठल्याही पुस्तकात सापडले नव्हते.

त्याच ओट्यावर तडजोड झाली. माल पानफळांसकट आणावयाचा, दोन्ही बाजूंची माणसे बसून निवडावयाचा, कपात फक्त चुकीच्या जुड्यांवर. वखारीच्या भिंतीवर चारही झुडपांचे वाळवलेले नमुने कागदाला शिवून लावावयाचे. आणि मुळी खणावयाची ती फळे वाळून बी जमिनीवर झडू लागल्यावरच. कारण मुळी काढली की झाड संपते, आणि झाड संपले की भाव कितीही वाढला तरी तो घेणार कोण? एकोणतीस जुड्यांची कापलेली रक्कम परत मिळाली. ती रक्कम मोठी नव्हती. पण त्या हंगामापासून "भेसळ आहे" हे वाक्य पुराव्याशिवाय उच्चारता येईनासे झाले. तडकलेली ती तरुण बाई आज निवडीला बसते, आणि तिचा डोळा आमच्या भिंगापेक्षा तेज आहे.

या व्याख्यानातून आपण एवढेच घरी न्यावे. आता उन्हाळा आहे. सावरीचा कापूस आणि भिंतीशी उभी असलेली मुद्रा पाहून घ्या. भाद्रपद-आश्विनात मुलांना घेऊन गावाबाहेर पडा, फूल उलटे करून बाहेरचा फेर पाहा, फळाच्या फोडी मोजा. औषध म्हणून मात्र काही खाऊ नका. ओळखणे हे एक काम, औषध देणे हे वैद्याचे. आणि रानात मुळ्या खणणारी एखादी बाई भेटली, तर तिला नाव विचारा. आधी झाडाचे, आणि मग तिचेही.